ओळखणाऱ्याची सही

भंडारा
१७ जुलै २०२३

बाई,

समन्स मिळालं. बेलिफ ओळखीचाच, त्याला बसवून चहा पाजला आणि मग सही केली. तीस वर्षं मी लोकांना कोर्टात खेचत आलो, माझ्या नावाचं पहिलं समन्स आलं ते सख्ख्या बहिणीकडून. वादी रुखमा. प्रतिवादी क्रमांक एक तुलाराम यादोराव लांजेवार, धंदा शेती. प्रतिवादी क्रमांक दोन ॲड. चंद्रकुमार यादोराव लांजेवार, धंदा वकिली. बाबांची तिन्ही लेकरं एका पानावर आली. त्यांच्या तेरवीलाही आपण एका पंगतीत बसलो नव्हतो.

रविवारी मी वरठीला आलो तर तू दार अर्धंच उघडलंस. "तोंडानं काई सांगू नोको. वकिलाचं तोंड मी लय आइकलं. जे असंल ते लिवून दे," म्हणालीस आणि कडी लावलीस. म्हणून लिहितो आहे. दहा-बारा किलोमीटरवरच्या बहिणीला पोस्टाने पत्र पाठवणारा मी जिल्ह्यात एकटाच असेन. टाईप करून घेतलं आहे, कारण माझं अक्षर कोर्टातल्या बाबूंनाही लागत नाही. तुझ्या पोरीला, रुपाला, तुला वाचून दाखवायला सोपं जाईल. हे पत्र माझ्या बचावाला कोणतीही बाधा न येऊ देता लिहिलं आहे. हे वाक्य सवयीने आलं, राहू दे.

रुपाने मोबाईलवर सातबारा काढला आणि त्यात तुझं नाव दिसलं नाही, इथून हे सगळं सुरू झालं. ते नाव कसं गेलं ते सांगतो. बाबा गेल्यावर वर्षभराने, २०१० च्या नोव्हेंबरात, तुलारामभाऊने तहसिलीत वाटणीचं प्रकरण टाकलं. त्यात एक प्रतिज्ञापत्र आहे: मी रुखमा, मयत यादोरावची मुलगी, वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा भाऊ तुलारामला राजीखुशीने सोडते. खाली अंगठा. त्याच्याखाली छापील ओळ, "प्रतिज्ञार्थीस मी व्यक्तिशः ओळखतो". आणि त्या ओळीखाली माझी सही.

आता त्या ओळीचं गुपित ऐक. शपथेवर काही लिहून द्यायचं तर हा माणूस तोच आहे हे सांगणारा वकील लागतो. कोर्टाबाहेर टिनाच्या शेडमध्ये आमची टेबलं असतात. मुन्शी कागद पुढे सरकवतो, आम्ही बोलता बोलता सही ठोकतो. कागदावरच्या माणसाचं तोंड पाहिलेलंच नसतं. एकेका दिवशी मी पंचवीस-तीस अनोळखी माणसांना व्यक्तिशः ओळखलं आहे. यात कोणाला काही वाटत नाही, नोटरीलाही नाही. तुझा कागद असाच गठ्ठ्यातून माझ्या हाताखालून गेला असणार. मला आठवत नाही.

दावा मागे घे. कोर्टात भावंडं उतरली की शेत राहत नाही आणि भावंडंही राहत नाहीत, हे मी दुसऱ्यांच्या घरांत पोटभर पाहिलं आहे. भाऊला मी समजावतो. मी आता थकलो आहे, बाई.

चंद्रकुमार


भंडारा
६ ऑगस्ट २०२३

बाई,

रुपाने तुझा आवाज पाठवला. आठ सेकंदांचा. "चिंधू, मले सही येते. मंग तो अंगठा कोनाचा?" बस्स, एवढंच. मागे कुकरची शिट्टी झाली आणि संपलं.

मी ते बार रूममध्ये ऐकलं, आवाज मोठा होता. बाजूच्या वकिलाने विचारलं, चिंधू कोण? मी म्हणालो, आमच्या गावचा एक आहे.

हे पत्र हाताने लिहितो आहे. मागचं टाईप केलं ते रुपासाठी नव्हतं. माझ्या अक्षरातला कागद तुझ्या वकिलाच्या हाती पडू नये म्हणून केलं होतं. सहीसुद्धा केली नव्हती, नाव टाईपच केलं होतं. तू पाहिलं असशीलच. तुझ्या नजरेतून एरवी तरी काय सुटायचं!

तुला सही येते हे माझ्याइतकं कोणाला माहीत आहे? मी दुसरीत होतो, तू मोठी पोरगी, सोळा-सतरा वर्षांची. तुला अक्षरं बसायच्या आत शाळेतून काढलं होतं ते मला कडेवर घ्यायला कोणीतरी हवं म्हणून. तलावाच्या पाळीवर म्हशी सोडून तू माझी पाटी ओढून घ्यायचीस. "माहं नाव काढून दे." मी काढायचो, तू गिरवायचीस. सोयरीक ठरली तेव्हा तुला एकच घोर होता, की सासरी कुठे कागद आला तर अंगठा लावावा लागेल. महिनाभर तू रोज नाव काढत होतीस. शेवटी येऊ लागलं तेव्हा शेणाने सारवलेल्या भिंतीवर कोळशाने लिहिलंस आणि आईचा मार खाल्लास. मला गूळ दिलास, गुरुदक्षिणा म्हणून.

म्हणून खरं सांगतो. तो कागद गठ्ठ्यातून आला नव्हता. मी नाव वाचलं होतं. खालचा अंगठाही पाहिला होता. रुखमा अंगठा लावत नाही, हे मनात येऊन गेलं. येऊन गेलं म्हणजे थांबलं नाही, एवढंच. भाऊ म्हणाला, "बाईले विचारलं मी, ते हो म्हनाली, येनं जमत नाई तिले." मी म्हटलं, ठीक आहे.

तुझा नंबर माझ्याकडे होता. तेव्हाही होता.

चंद्रकुमार


भंडारा
२१ नोव्हेंबर २०२३

बाई,

धान निघाले. तुलारामभाऊ काल नव्या तांदळाचं चुंगडं घेऊन आला. दरवर्षी एक माझ्याकडे, एक तुझ्याकडे. यंदा एकच आणलं. पायरीवर बसला, आत ये म्हटलं तर पायाला चिखल आहे म्हणाला. चिखल नव्हता. मोटरसायकलवर अड्याळवरून आला होता, पायात बूट होते.

"जबाब दाखल केला ना दोघायचा?" त्याने विचारलं.

केला आहे. तुला माहीतच आहे. त्यात आम्ही दोघांनी लिहून दिलं आहे की त्या दिवशी रुखमा स्वतः हजर होती, तिनेच अंगठा केला, आणि आता जावयाच्या नादाने नाकारते आहे. हे वाक्य आमच्या वकिलाचं, पण त्याखाली माझी सही आहे. मी वाचून केली. माझा मसुदा असता तर जावयाला मध्ये आणलं नसतं, असं वाटून गेलं. पाहा, माणूस कुठल्या गोष्टीचं समाधान मानतो.

मी भाऊला म्हणालो, "भाऊ, बाईची बांधी बाईला देऊन टाकू. तलावाखालचं एकच तर खाचर आहे. समझोता करतो."

त्याने चुंगड्याची गाठ आवळली. मग म्हणाला, "मी दहावीत शाडा सोडली, काहून सोडली? तुले नागपूरले पाठवाले. मी गारात रायलो म्हनून तू कोटात गेला. चाळीस वरीस त्या बांधीत मी कंबर मोडली. ते येते दोन दिवस रोवन्याले, गानं म्हनते, चालली जाते. हिस्सा कायचा?" आणि उठता उठता म्हणाला, "आन तू आपल्या सनदेचं पाय. मी तं काई लिवलं नाई. ओरखतो म्हनून तूनं लिवलं."

तो खोटं बोलला नाही, बाई. त्याने मला शिकवलं हे खरं आहे. तो चिखलात राहिला हेही खरं आहे. आणि मी लिहिलं हे तर कागदावरच आहे. मला नेहमी वाटायचं की मी भाऊपेक्षा चांगला आहे, कारण मी जमिनीतलं काही घेतलं नाही. माझा हिस्सा मीही सोडला होता, तोही खुशीने. पण माझा सोडला तो माझा होता.

आता ते सांगतो जे दुसऱ्या पत्रात लिहिताना हात मागे घेतला. रुपा, हे मोठ्याने वाचशील तेव्हा आईला आधी पाणी दे.

त्या दिवशी कागद एकटा आला नव्हता. शेडच्या खांबाशी मंगलावहिनी उभी होती. पदर नाकापर्यंत ओढलेला. वांगी रंगाचं लुगडं, बारीक पिवळ्या काठाचं. ते लुगडं मीच पवनीहून आणलं होतं, बाबांच्या तेरवीला तुला नेसवायला. तू घाईत निघालीस आणि ते माहेरीच राहिलं. वहिनी ते नेसून आली होती. नोटरीने कागदावरून नाव पुकारलं, "रुखमा यादोराव?" आणि लुगड्यातून आवाज आला, "हो."

मी लुगडं ओळखलं. आवाज ओळखला. मग पेनचं टोपण काढलं आणि प्रतिज्ञार्थीस मी व्यक्तिशः ओळखतो याखाली सही केली.

हजारो अनोळखी लोकांना मी ओळखतो म्हटलं, त्यात बरेचसे खरे निघाले असतील. ज्या एका माणसाला मी जन्मापासून ओळखतो, तिच्याच वेळी खोटं लिहिलं. तुला फोन का केला नाही, तेही सांगतो. फोन केला असता तर तू नाही म्हणाली असतीस. मग मला भाऊसमोर उभं राहावं लागलं असतं. माझ्याच्याने ते झालं नसतं, आणि हे मला ठाऊक होतं.

त्यानंतर बारा वर्षं तू दर आषाढात रोवण्याला येत राहिलीस. कंबरेत वाकून धानाचे पऱ्हे लावायचीस, शेजारी वहिनी. बांधीत मला पाहिलंस की ओरडायचीस, "चिंधू, कोट काढ आन ये, दोन ओरी लाव!" मी बांधावर, धुऱ्यावर उभा राहून हसायचो. मला माहीत होतं, तू दुसऱ्याच्या शेतात राबते आहेस. तुला माहीत नव्हतं.

तांदूळ तसाच ठेवला आहे. कोणाकरवी पाठवू?

चं.


भंडारा
३ सप्टेंबर २०२४

बाई,

नऊ महिने लिहिलं नाही. तारखा पडत होत्या. तज्ज्ञाकडे अंगठा गेला आणि परत आला. अहवाल दोन ओळींचा: शाई जास्त झाल्याने ठशातल्या रेषा भरून गेल्या आहेत, ठसा तुलनेस अयोग्य. तुझा वकील पोरसवदा आहे, त्याचं तोंड उतरलं. तुलारामभाऊने हात जोडून छताकडे पाहिलं.

देवाला कशाला मध्ये आणतो तो. शाई मीच लावायला सांगितली होती. वहिनीचा अंगठा पॅडवर टेकला तेव्हा मी म्हणालो, "दाबून लावा, नीट उठला पाहिजे." मला ठाऊक होतं, दाबून लावलेला उठत नाही. फौजदारी कामांत शिकलो होतो ते बहिणीच्या कामी आलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. भाऊलाही ते कळलं नव्हतं. आता तुझ्याजवळ माझ्या अक्षरात आहे.

आणि काल तू साक्षीला उभी राहिलीस.

मी समोर बसलो होतो, काळा कोट घालून. पक्षकाराने कोट घालू नये, पण घरून निघताना सवयीने अंगावर चढला. तू पिंजऱ्यात हात जोडून उभी. आमच्या वकिलाने तुला घोळात घेतलं. सही कधी शिकलात? लहानपनी. कोणी शिकवली? भावानं. पुरावा? २०१० च्या आधीचा तुझ्या सहीचा एकही कागद तुझ्या वकिलाला सापडला नाही. सापडणार कसा? तेव्हा तुझ्याकडे सही मागितलीच कोणी होती? राशनकार्ड नवऱ्याचं, घर नवऱ्याचं, बँकेत गेलीस ती त्यांच्या मागे. "म्हणजे या दाव्यासाठीच सही शिकलात, असं माझं म्हणणं आहे," वकील म्हणाला. तू म्हणालीस, "तुमचं मनना तुमच्यापाशी ठेवा." न्यायाधीश बाई खाली मान घालून हसल्या.

मग त्याने माझ्याकडे बोट केलं. "ते समोर बसलेत, त्यांना ओळखता ना? सख्खे भाऊ तुमचे. त्यांनीच तर तुम्हाला ओळखलं होतं."

तू माझ्याकडे पाहिलंस. किती वेळ पाहिलंस ते मला सांगता येणार नाही. मग म्हणालीस, "नाई. कोटातला मानूस मी ओरखत नाई."

न्यायाधीशांनी टंकलेखकाला सांगितलं, लिहा, वादी प्रतिवादी क्रमांक दोन यांस ओळखत नाही. ते तुझ्या जबानीत कायमचं आलं. पुढेमागे कोणी नक्कल काढली तर त्यात वाचेल.

जबानी संपल्यावर शिपायाने सवयीने शाईचं पॅड पुढे केलं. तू ते बोटाने बाजूला सारलंस आणि पेन मागितलंस. सही करायला तुला जितका वेळ लागला तेवढ्यात पुढच्या तारखेची दोन प्रकरणं पुकारून झाली. मी तुझा हात पाहत होतो. जीभ अजूनही दातांत धरतेस.

नावाबद्दल मला एकदा बोलायचं होतं. माझ्या आधीची दोन गेली म्हणून मला सुपात घालून दाराबाहेर ठेवलं, आणि तू मूठभर धान देऊन मला सुइणीकडून विकत घेतलंस, ही गोष्ट तू मला शंभरदा सांगितली आहेस. तुझ्याच फाटक्या झग्याच्या चिंधीत गुंडाळलं, म्हणून चिंधू. देवाला वाटावं, हे टाकाऊ आहे, हे राहू दे. नऊ वर्षांची होतीस. सनद घ्यायच्या वेळी मी ते नाव राजपत्रात बदलून घेतलं. मित्र म्हणाले, ॲडव्होकेट चिंधूकडे कोण पक्षकार येईल! तुला सांगायला आलो तेव्हा तू एवढंच विचारलंस, "मंग मी इकत घेतलं होतं ते कोन?" मला तेव्हा हसू आलं होतं.

मी वाईट वकील नव्हतो, बाई. कोर्टात उभा राहिलो की माझी भाषा बदलते. "मले" तोंडात येत नाही, "मला" येतं. पाठ ताठ होते. आवाजही दुसऱ्या कोणाचा तरी लागतो. लोकांना तो माणूस आवडायचा, मलाही आवडायचा. बाकीचा माणूस मी घरी ठेवून जात होतो. कधीतरी संध्याकाळी परत आल्यावर तो बाकीचा घरात सापडेनासा झाला, तारीख सांगता येणार नाही.

आता पुरावा आमच्या बाजूचा. माझी पाळी.


भंडारा
१९ जानेवारी २०२५

बाई,

माझं साक्षीचं प्रतिज्ञापत्र तयार झालं. सहा पानं. वाक्यावाक्याला रुखमा हजर होती. आमच्या वकिलाने मसुदा झकास केला आहे, मी केला असता तर असाच केला असता.

शपथ घ्यायला त्याच शेडमध्ये गेलो. माझ्या टेबलावर नाही, शेजारच्या. दोन वर्षांपूर्वी सनद घेतलेला एक मुलगा बसतो तिथे, नाव मला माहीत नाही. त्याच्यापुढे कागद ठेवला. तो मोबाईलवर कोणाशी तरी भांडत होता. डाव्या हाताने मोबाईल धरून उजव्या हाताने त्याने सही केली. "प्रतिज्ञार्थीस मी व्यक्तिशः ओळखतो." मान वर केली नाही.

मी तिथेच उभा राहिलो. तो म्हणाला, "झालं ना काका?"

"तुम्ही मला ओळखता?" मी विचारलं.

त्याने मग पाहिलं. "तुम्ही ते... लांजेवार सर ना? नाही, बाकी असं... का हो?"

"काही नाही," मी म्हणालो. चूक त्याची नाही, त्याला हे आम्हीच शिकवलं. पण तो कागद घेऊन मी कोर्टात गेलो नाही. बसस्टँडवर जाऊन बसलो. लाखनीची गाडी गेली, पवनीची गेली. माझ्यासाठी कोणी खोटी ओळख दिली आणि मला ती बोचली, ही माझ्या आयुष्यात पहिलीच वेळ असावी. तुला किती बोचली असेल ते मी मोजायला बसलो होतो, जमलं नाही.

प्रतिज्ञापत्र माझ्या पिशवीत आहे. दाखल केलेलं नाही. भाऊचा रोज फोन येतो.

मला भीती वाटते, बाई. सरळ सांगतो. सनद जाईल, गुन्हाही लागेल. भाऊही अडकेल, वहिनीही. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी काय करू? शेडमधलं टेबल सोडून मला कुठे बसताही येत नाही.


भंडारा
१२ मार्च २०२५

बाई,

तू तिथे होतीस, तरी लिहितो. तू म्हणाली होतीस, लिवून दे.

मी कोट घरी ठेवून गेलो. पांढरा शर्ट, साधी पँट. फाटकावरच्या पोलिसाने, जो मला रोज सलाम करतो, त्याने विचारलं, "काय काम आहे, काका?" कोर्टाच्या दारात गर्दी होती, कोणी वाट दिली नाही. मी सगळ्यांसारखा अंग चोरून आत गेलो.

पिंजऱ्यात उभा केला. शपथ झाली. न्यायाधीशांनी विचारलं, नाव?

तीस वर्षं मी हा प्रश्न दुसऱ्यांना विचारताना ऐकला आहे, उत्तर द्यायला कधी वेळ लागू नये. मी म्हणालो, "चिंधू यादोराव लांजेवार. कागदावर चंद्रकुमार आहे. दोन्ही मीच." टंकलेखक थांबला. न्यायाधीश म्हणाल्या, दोन्ही लिहा.

आमच्या वकिलाने प्रतिज्ञापत्र मागितलं. मी म्हणालो, ते खोटं आहे, मी तोंडी सांगतो. तो खुर्चीवर बसला तो उठलाच नाही. न्यायाधीशांनी मला समज दिली, तुम्ही वकील आहात, याचे परिणाम तुम्हाला सांगायला नकोत. मी म्हणालो, नकोत. मग त्यांनी स्वतःच विचारलं, "त्या दिवशी अंगठा लावणाऱ्या बाईला तुम्ही कसे ओळखत होता?"

आणि कोर्टात पहिल्यांदा माझ्या तोंडून आपली बोली आली. मी ठरवून बोललो नाही. "ते माही वयनी होती, साहेब. मंगलाबाई. माही बहीन नोयती. माही बहीन सही करते. मी शिकवली तिले, तलावाच्या पारीवर, पाटीवर. मी दुसरीत होतो." मग लुगडं सांगितलं. शाई सांगितली. भाऊचा फक्त एवढाच भाग सांगितला जेवढा त्याचा होता, तुझ्याकडून हो आल्याचं त्याने मला सांगितलं होतं तेही सांगितलं. वहिनीबद्दल म्हणालो, तिला नेसवून आणलं आणि उभं केलं, तिला कोणी विचारलं नव्हतं. हे खरं आहे.

भाऊ मध्येच उठून बाहेर गेला. त्याची चप्पल बाकाखाली राहिली. ती मी नंतर पिशवीत घालून आणली, अजून माझ्याकडेच आहे. तो घेईल की नाही सांगता येत नाही. त्याने मला शिकवलं, आणि मी शिकलेलं त्याच्यावरच उलटवलं, असं गाव म्हणेल. म्हणू दे, त्यात अर्धं खरं आहे.

बाहेर व्हरांड्यात वहिनी बसली होती. तिने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि म्हणाली, "बरं झालं, बापू. बारा वरीस रोवन्यात तिच्या बाजूले उभी रायली मी. एक डाव तिच्या तोंडाकडं पायलं नाई."

तू रुपाचा हात धरून माझ्या समोरून गेलीस. थांबली नाहीस. मला वाटलं होतं थांबशील. पण कोणी एक खरं बोललं म्हणून त्याच्यासाठी थांबायचं, असं काही नसतं. साक्षीने चौदा वर्षं फिटत नाहीत. निकाल यायला अजून दोन-तीन महिने लागतील, बांधी तुझ्या नावावर चढेल असं मला वाटतं. यंदा जमलं नाही तर पुढच्या आषाढात तू तुझ्या धुऱ्यावरून आत उतरशील. मला बोलावलं नाहीस तरी चालेल. नाही, चालणार नाही. पण मी तसं म्हणणार नाही.

माझ्या जबानीची नक्कल बार कौन्सिलला जाणार आहे. ते काढून घेण्याआधी सनद मीच परत करतो आहे. त्यासाठी एक अर्ज आणि प्रतिज्ञापत्र लागतं, ते सोबत जोडलं आहे. एका पानाचंच आहे, रुपा वाचून दाखवेल. त्यात लिहिलं आहे की मी, चंद्रकुमार उर्फ चिंधू, अमुक दिवशी माझ्या सख्ख्या बहिणीला ओळखत असूनही दुसरीला तिच्या नावाने ओळखलं. खाली माझी सही आहे. ती पाटीवर जशी करत होतो तशी केली.

त्याखाली नेहमीची छापील ओळ आहे आणि ओळखणाऱ्याची जागा मोकळी आहे. तिथे वकिलाची सही चालते. शेडमध्ये कोणीही करून देईल, मान वर न करता. मी कोणाकडे नेलेलं नाही. तुझी सही नियमात बसत नाही, नोटरी कागद परत पाठवेल. पाठवू दे. मी पुन्हा पाठवीन.

तू कोर्टात खरंच सांगितलंस, कोटातल्या माणसाला तू ओळखत नाहीस. कोट आता नाही. मूठभर धानावर जो घेतला होतास तो अजून उरला आहे का, ते तू पाहा. उरला नसेल तर कागद कोराच परत पाठव, मी समजून घेईन. उरला असेल तर खाली नाव काढ. पाहिजे तेवढा वेळ घे, मी थांबतो.

फक्त अंगठा लावू नको, बाई.

चिंधू


प्रतिज्ञार्थीस मी व्यक्तिशः ओळखते.

ओळखणाऱ्याची सही: ..............................